खांबला बाप्पा थांबतात

गेल्या श्रावणात मी पेणच्या एसटी स्टँडसमोर चहा पीत उभी होते. बाजूला एक ट्रक लागला होता. फाळक्याच्या फटीतून भाताचा पेंढा डोकावत होता, म्हणजे गणपतीची गाडी. तरुण ड्रायव्हर बॉनेटला टेकून बिस्किटं खात होता. मी सहज विचारलं, "कुठवर रे?"

"रत्नागिरी. पन आज खांबपर्यंतच. खांबला बाप्पा थांबतात."

"ते का बरं?"

त्याने माझे पांढरे केस पाहिले. एवढं वय होऊन हिला काहीच माहीत नाही, अशी त्याला कीव आली असावी. "आजी, जुनी प्रथा हाय. वाडवडलांपासनं चालत आली. खांबची आरती घेतल्याबिगर पेनचा बाप्पा पुढं जात नाय. नेला तर गाडी बिघडते. एकाचा तर गिअरबॉक्सच सुटला."

मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली आणि चहाचा कप ठेवला. त्या वाडवडिलांपैकी एक त्याच्या समोरच उभी होती, हे मी त्याला सांगितलं नाही. ती जुनी प्रथा मी काढलेली आहे. एकटीने नव्हे, एक बायको आणि एक सासू माझ्या कटात सामील होत्या. पण डोकं माझं, आणि आता नोकरीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली आहेत की कबूल करायला हरकत नाही.

माझी सगळी नोकरी पेणमधल्या एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत गेली. शेठनी मला टायपिंगला म्हणून घेतलं आणि आठवडा व्हायच्या आत फोन माझ्या हातात दिला, कारण ट्रंक कॉलवर ओरडायला माझा आवाज बरा होता. तेव्हापासून मी गाड्या पाठवणारी बाई झाले. ड्रायव्हर मला शालूबाय म्हणायचे. माझ्या सासरी बराच काळ समज होता की मी बँकेत आहे, आणि मीही तो मोडला नाही.

गाड्या पाठवणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगते. रोह्याजवळ धाटावला कारखाने आहेत. त्यांचे ड्रम आणि गोण्या मुंबईला जायच्या असतात, मुंबईहून त्यांचा कच्चा माल यायचा असतो. आषाढ लागला की इकडे पेण-हमरापूरचे गणपती सगळीकडे निघतात. माल तयार असतो तेव्हा गाडी नसते, गाडी असते तेव्हा ड्रायव्हर जेवायला गेलेला असतो, आणि तिन्ही जमले की वडखळच्या नाक्यावर रस्ता अडलेला असतो. या चौघांची पत्रिका जुळवणं हे माझं काम. शेठचं एकच ब्रीद होतं, उभी गाडी गंज खाते. त्यामुळे गाडी हलती ठेवायची, आणि गाडी हलती म्हणजे माणूस जागा.

कायदा मात्र वेगळं सांगत होता. ड्रायव्हरला दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तास झाले की अर्धा तास विसावा. हा कायदा आमच्या कचेरीत भिंतीवर टांगलेला होता, शेठच्या खुर्चीच्या मागे, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी. शेठ रोज सकाळी दोघांनाही उदबत्ती ओवाळायचे आणि मग दोघांकडे पाठ करून बसायचे.

आता बाळारामदादांची ओळख करून देते, कारण ही सगळी गोष्ट त्यांच्यामुळे घडली. ते आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. पेणच्या खाडीकाठच्या गावचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. अंगाने बुटके, मान आखूड, आणि गाडी चालवायला बसले की स्टिअरिंगच्या वर फक्त टोपी दिसायची. लांबून वाटे, गाडी टोपीच चालवतेय. पण गणपती न्यावेत तर त्यांनीच. हमरापूरचे कारखानदार माल भरण्याआधी विचारत, "बाळाराम हाय ना?" नसला तर मूर्ती परत शेडमध्ये. शाडूची मूर्ती म्हणजे काय नाजूक काम! एक खड्डा चुकला की सोंड जाते, दुसरा चुकला की कान. बाळारामदादांच्या गाडीतला उंदीरसुद्धा कधी शेपटीने आखूड झाला नाही.

त्यांचा एक नेम होता. गाडीत बाप्पा बसले की मुक्कामापर्यंत गाडी थांबवायची नाही. डिझेलला, नाक्याला थांबायचे तेवढंच, तेही इंजिन चालू ठेवून. हा नेम त्यांच्या वडिलांचा. वडील होडीतून खाडीपलीकडे गणपती न्यायचे आणि वाटेत कुठे म्हणजे कुठे टेकायचे नाहीत. मी एकदा विचार केला तेव्हा मला त्याचं कारण कळलं. ओहोटी लागली तर होडी गाळात रुतते, म्हणून म्हातारा थांबत नसे. पण मुंबई-गोवा रस्त्याला ओहोटी लागत नाही, हे बाळारामदादांना सांगणार कोण?

एका वर्षी गणपती उतरवून ते रिकामी गाडी घेऊन परत येत होते. रात्रभर आणि दिवसभर जागे. नागोठण्यापुढच्या खांब गावाच्या अलीकडे गाडी रस्ता सोडून लावणीच्या शेतात गेली आणि चिखलात टेकली. कुणाला काही झालं नाही, भाताची चार आवणं मोडली. बाळारामदादा कचेरीत येऊन म्हणाले, "रानडुक्कर आडवा आला."

शेठ म्हणाले, "दिवसाढवळ्या?"

"मोठा व्हता."

मग काय, आमच्या धंद्यात झोपेला डुक्कर हेच नाव पडलं. कोणी जांभई दिली की दुसरा म्हणे, सांभाळ, डुक्कर आला. बाळारामदादा सोडून सगळे ड्रायव्हर हसत. शेठ मात्र हसले नाहीत. त्यांनी बजावलं, "पुन्हा डुक्कर दिसलं तर गाडी दुसऱ्याच्या हातात."

त्यानंतर दोन दिवसांनी बाळारामदादांची बायको, यमुनावहिनी, कचेरीत आली. टोपलीत मला म्हणून खाडीतली कालवं आणली होती. म्हणजे काम मोठं होतं.

"शालूबाय, त्याला झोपव गो."

"मी कशी झोपवू? तुमचा नवरा."

"घरी झोपतो तो काय झोपतो? झोपेत माझा हात धरतो नि गिअर टाकतो. पयला, दुसरा, तिसरा. चढाव आला की परत दुसरा. मना सगला रस्ता पाठ झालाय." तिने मनगट दाखवलं. मी हसायला लागले. ती हसली नाही. "त्या दिवशी शेत व्हता म्हनून वाचला. पुढं कशेडीचा घाट हाय, तिथं शेत नाय. गाडी गेली तरी चालंल बाय, मना तो घरी पायजे."

मी हसणं थांबवलं. खरं सांगायचं तर ती भीती मलाही होती. गाडी वेळेवर पोचल्याचा फोन आला नाही की मी समोर दिसेल त्याच्यावर ओरडत सुटायचे. मी वहिनीला शब्द दिला. कसा पाळायचा, याची तेव्हा मला काडीचीही कल्पना नव्हती.

पहिली कल्पना मला धाटावच्या एका कारखान्यामुळे सुचली. तिथे नवे सेफ्टीसाहेब आले होते. देशमुख त्यांचं नाव. कुठेतरी कुणाचा तरी टँकर उलटला होता, आणि तेव्हापासून साहेबांनी मनावर घेतलं होतं की आपल्या फाटकातून थकलेला ड्रायव्हर बाहेर पडू द्यायचा नाही. हेतू सोन्यासारखा. त्यांनी ड्रायव्हरांसाठी एक खोली बांधली, आत लोखंडी खाटा, वर पंखा, भिंतीला हिरवा रंग. उद्घाटनाला मलाही बोलावलं आणि पेढा दिला.

महिनाभराने पाहिलं तर खाटांवर कारखान्यातली मांजरं झोपलेली. एकही ड्रायव्हर आत फिरकला नव्हता. साहेब बिचारे हिरमुसले. मला म्हणाले, "शालिनीबाई, यांना झोपायचंच नाही का?"

झोपायचं होतं हो. पण माल भरायला गाड्यांची रांग असायची. पुढची गाडी वजनकाट्यावर गेली की मागच्या सगळ्यांनी एकेक गाडी पुढे घ्यायची. जो झोपला त्याचा नंबर गेला, आणि मागचा लगेच पुढे घुसलाच. त्यात खोली होती भिंतीच्या आड. जिथून स्वतःची गाडी दिसत नाही तिथे ड्रायव्हर डोळे मिटत नाही, मग तुम्ही त्याला गादी द्या नाहीतर पालखी. म्हणजे दिवसभर तो रांगेत जागा, आणि कागदावर मात्र विसावा घेतलेला, कारण गाडी चालवत नव्हता ना! संध्याकाळी ताजातवाना म्हणून त्याला मुंबईला सोडायचे.

हे मी साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलंही असतं. पण मला खोड्या करायची सवय. मी म्हटलं, "साहेब, एक दिवस बाळारामदादांच्या गाडीत विश्रांती घेऊन पाहा ना." आणि तो भला माणूस खरोखर बसला. डबा घेऊन, टाय सोडून. डुलकी लागली की बाळारामदादा म्हणत, "साहेब, पुढं घेतो," आणि गाडी हिसका देऊन पुढे जाई. परत डुलकी, परत हिसका. दुपारी ऊन टपावर आलं तेव्हा टपाखाली बसलेले साहेब उकडलेल्या रताळ्यासारखे दिसत होते. खाली उतरले ते थेट माझ्याकडे आले आणि म्हणाले, "थांबणं आणि विसावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो."

हे वाक्य त्यांचं आहे, माझं नाही. मी ते आयुष्यभर वापरलं.

साहेबांनी मग बिल्ले काढले, देवळाबाहेर चपलांना देतात तसे पितळी. आलेल्या गाडीने बिल्ला घ्यायचा, चिंचेखाली लावायची, नंबर आला की वॉचमन येऊन उठवणार. कोणी कोणाच्या पुढे घुसायचं नाही. खाटाही चिंचेखाली आल्या, गाड्या दिसतील अशा. मांजरांनी थोडे दिवस निषेध केला. आणि गंमत अशी की ड्रायव्हर झोपू लागले तशी गाड्यांची ये-जा वाढली. रांगेत कटकट नाही, भांडणं नाहीत, काट्यावर गर्दी नाही, आणि भरलेली गाडी निघाली की वाटेत टपरीवर डोळे चोळत थांबत नाही. शेठना हे पटायला बराच काळ लागला. त्यांच्या मते झोपलेला ड्रायव्हर आणि वाढलेली खेप एकाच महिन्यात येणं हे शास्त्राविरुद्ध होतं.

रोह्याचं जमलं. पण चिंचेखाली घोरणारे बाळारामदादा बाप्पा गाडीत बसले की पुन्हा खाडीतले होडीवाले व्हायचे. पुढचा श्रावण आला आणि हमरापूरहून रत्नागिरीची गाडी ठरली. मी शेठच्या मागे लागून दोन ड्रायव्हर दिले. म्हटलं, अर्धा रस्ता हा, अर्धा तो. गाडी परत आली. दुसरा ड्रायव्हर गुलाबासारखा टवटवीत खाली उतरला. बाळारामदादांचे डोळे लाल.

"कसा काय होता जोडीदार?" मी विचारलं.

"बेस पोर हाय," बाळारामदादा म्हणाले. "जाताना-येताना झोपला. तरास नाय दिला."

गाडीत झोप बरोबर झाली होती, फक्त माणूस चुकला होता. आणि आठवड्याभरात दुसरी गाडी निघणार होती, तीही रत्नागिरीची, तीही बाळारामदादांच्याच हातात. कारखानदार दुसऱ्या कुणाला माल द्यायला तयार नव्हते. यमुनावहिनी पुन्हा कचेरीत आली. या वेळी कालवं नव्हती, नुसतीच आली आणि बाकावर बसून राहिली. ते मला जास्त लागलं.

गणपतीची गाडी भरणं म्हणजे एक यज्ञ. सकाळपासून बाळारामदादा हमरापूरच्या शेडमध्ये उभे. पेंढा स्वतः अंथरणार, मूर्ती कोणती कुठे ते स्वतः सांगणार, तोंडाला कागद नीट बांधला का ते पाहणार. शेठ ही सुट्टी समजत, कारण चाक फिरत नव्हतं. माझ्या हिशेबाने गाडी निघाली तेव्हाच बाळारामदादांचा दिवस भरत आलेला असायचा. त्यानंतर पावसातला खड्ड्यांचा रस्ता, गाडी बैलगाडीच्या चालीने. वडखळ, नागोठणं करत खांबला पोचेपर्यंत कायद्याचे आठ तास संपलेले. म्हणजे त्यांना खांबला झोपवायला हवं होतं. नेमकं तिथेच मागच्या वर्षी डुक्कर आलं होतं.

"वहिनी," मी म्हटलं, "खांबला कोणी ओळखीचं आहे का?"

यमुनावहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू विचारलं, समुद्रात पाणी आहे का. "माझा माहेर हाय गो खांबला!"

मग आम्ही दोघींनी डोकं लावलं. जरा वेळाने वहिनी पदरात तोंड घालून हसत होती.

गाडी निघायच्या दिवशी मी शेठना सांगितलं, रोह्याला काट्याचं काम आहे. दुपारच्या एसटीने वहिनी आणि मी खांबला उतरलो. तिची आई सखूआजी भाताची आणि वालाची शेती सांभाळणारी, पाठीत वाकलेली, जिभेने ताठ. तिला सगळं समजावलं. ती म्हणाली, "जावयाला झोपवायचा हाय ना? मंग देवाला कशाला मधी घेतला? बिरडा पुरेल." चुलीवर बिरडं चढलंच होतं. पण मला माहीत होतं, आधी गाडी थांबायला हवी.

दिवस कलला आणि नागोठण्याकडून टोपी येताना दिसली. सखूआजी आरतीचं ताट घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, मागे आळीतल्या दहाबारा बायका, एकीच्या हातात झांजा. बाळारामदादांनी ब्रेक लावला तोही असा अलगद की आतले बाप्पा जागचे हलले नसतील. इंजिन चालूच.

"काय झाला?" त्यांनी खिडकीतून मान काढली.

"जावईबापू, आमच्या शिवंतनं बाप्पा चाललाय नि आरती नाय? उतरा खाली."

बाळारामदादा नेमाचे पक्के, पण शास्त्राचेही पक्के. "आरती कशी करनार सासूबाय? अजून प्रतिष्ठा कुठं झालीय? मखरात बसवला, मंत्र म्हटला, मंग देव येतो मूर्तीत. आता नुसती मूर्ती."

सखूआजीने ताट खाली केलं. "म्हंजे गाडीत देव नाय?"

"नाय."

"मंग काय हाय?"

बाळारामदादांनी टोपी मागे सारली. "माती."

"मातीला आजच्या रातीला थांबायला काय झाला? आमचा सगला शेत मातीचा हाय, जन्मभर थांबलाय."

बायका फिसकन हसल्या. आपण कुठे सापडलो ते बाळारामदादांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी गडबडीने रिव्हर्स टाकला. "तसा नाय, तसा नाय. बाप्पाच हाय तो! बाप्पा हाय म्हनूनच तर थांबवत नाय."

"बाप्पा हाय?" सखूआजीने ताट परत वर केलं. "मंग सकालपासनं उपाशी नेतोस त्याला? ना आरती, ना निवेद, वरनं तोंडावर कागद बांधून? आमच्याकडं गुरालापन असा नेत नाय कोन!"

मी देवाची शपथ घेऊन सांगते, हे बोलणं मी तिला शिकवलं नव्हतं. मी फक्त आरतीपर्यंत पोचले होते. माती म्हणा, थांबा. देव म्हणा, थांबा. दोन्ही बाजूंनी दरवाजा लावून म्हातारी मध्ये ताट घेऊन उभी होती. मी निंबाच्या झाडाआडून पाहत होते, आणि हसू आवरेना म्हणून पदर तोंडात कोंबला. तेवढ्यात बाळारामदादांची नजर माझ्यावर गेली.

"शालूबाय! ह्यो तुझा काम हाय!"

"मी? मी रोह्याला काट्याच्या कामाला आलेय."

"रोहा तिकडं ऱ्हायला."

"रस्ता चुकले."

त्यांनी गाडी बाजूला घेतली. पण इंजिन बंद करायला तयार नाहीत. "आरती घ्या, निवेद दाखवा, नि मी निघतो. इंजान बंद व्हनार नाय." मग इंजिनाच्या धडधडीवर आरती झाली. झांजांना इंजिनाचा ठेका फार छान लागला, मी नंतर कुठल्याच मंडळात तसा ऐकला नाही. नैवेद्य दाखवला आणि प्रसाद म्हणून पान वाढलं. भात, वालाचं बिरडं, वर तांदळाची खीर. बाळारामदादा केबिन सोडायला तयार नव्हते, म्हणून पान केबिनमध्ये दिलं. हे जेवण जेवून जागा राहणारा माणूस रायगड जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. यमुनावहिनी त्यांच्या शेजारी चढून बसली आणि नुसता आपला हात पुढे ठेवला.

दोन घास उरले असतील. टोपी पुढे आली, मग आणखी पुढे आली. हात आपोआप वहिनीच्या मनगटावर गेला. पहिला, दुसरा, तिसरा. टॉपचा गिअर पडला आणि बाळारामदादा घोरायला लागले. सखूआजीने जन्मात कधी ट्रकमध्ये पाय ठेवला नव्हता. ती वर चढली, मी दाखवलेलं बटण तिने ओढलं आणि इंजिन बंद केलं. खांबमध्ये एकदम बेडकांचा आवाज ऐकू यायला लागला. यमुनावहिनी रडत होती. मीही रडले असेन, पण मी पाठ वळवली होती.

सकाळी उजाडल्यावर ते उठले. खाली उतरून फाळका उघडला, एकेका मूर्तीकडे बघून घेतलं. इंजिन कोणी बंद केलं, हे त्यांनी विचारलं नाही. मग टोपी नीट केली आणि म्हणाले, "बाप्पाला थांबायचा व्हता. थांबले." एवढं बोलून निघून गेले. वहिनीचं मनगट सुजलं होतं. ती म्हणाली, रातभर रत्नागिरीला जाऊन परत आलो आम्ही.

संध्याकाळी कचेरीत फोन वाजला. "पोचलो. एक कान नाय तुटला."

"आणि डुक्कर?"

"आज दिसला नाय."

शेठना वाटलं होतं, एक मुक्काम म्हणजे एक खेप बुडाली. ती बुडाली नाही. आधी बाळारामदादा डोळ्यांत तेल घालून भल्या पहाटे रत्नागिरी गाठायचे आणि दुकानदार उठून अंघोळ करून येईपर्यंत बाजारात उभे राहायचे. आता झोपून, दिवसाउजेडी घाट उतरून गेले, तर माल उतरवायला माणसं हजर. एवढी वर्षं आम्ही माणूस जागवून जो वेळ वाचवत होतो तो दुकानाच्या बंद दारासमोर घालवत होतो. शेठनी हे ऐकलं, थोडा विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना सांगू लागले की ही कल्पना त्यांची. मी देशमुख साहेबांना मात्र खरा किस्सा सांगितला. ते पोट धरून हसले. म्हणाले, "मी कायदा फाटकावर लावला, तुम्ही आरतीत बसवलात."

पुढच्या हंगामात आमच्या सगळ्याच गाड्या खांबला थांबल्या. सखूआजी थोडीच ऐकते? मग दुसऱ्या ट्रान्सपोर्टच्या ड्रायव्हरांनी पाहिलं की यांना आरतीला बिरडं मिळतं. तेही थांबू लागले. असं करता करता प्रथा झाली, प्रथेची जुनी प्रथा झाली, आणि आता म्हणे गिअरबॉक्स सुटतो.

एक गोष्ट मनाला लागून आहे. देशमुख साहेबांची बदली झाली आणि त्यांच्यामागे बिल्ले गेले. खोली उरली, हिरवी. आता केबिनमध्ये यंत्र असतं, चाक किती फिरलं ते सांगतं म्हणे. पण फाटकावरची रांग बहुतेक ठिकाणी तशीच पुढे सरकते. यंत्राला गाडी उभी दिसते, आत माणूस जागा आहे हे दिसत नाही. मला हे आठवलं की अजून चिडायला होतं.

त्या दिवशी चहा संपवून मी रिक्षाने तडक खाडीकाठी बाळारामदादांच्या घरी गेले. असा किस्सा घरी नेऊन एकटीने काय करायचा? दुपारची वेळ. बाळारामदादा ओटीवर खाटेवर आडवे, टोपी डोळ्यांवर. आता पार वाळून गेलेत. यमुनावहिनी खाली बसून एका हाताने वाल सोलत होती. दुसरा हात खाटेवर, त्यांच्या मुठीत.

मी सगळं सांगितलं. वाडवडिलांचं, गिअरबॉक्सचं. वहिनी हसून हसून लाल झाली. टोपीखालून आवाज आला, "बरोबर सांगतो तो पोर. लय जुनी प्रथा हाय." आणि पुन्हा घोरणं.

मी वहिनीच्या मनगटाकडे पाहिलं. "अजून टाकतात का हो गिअर?"

तिने वाल खाली ठेवला, नवऱ्याच्या मुठीतला आपला हात जरा हलवून पाहिला, आणि डोळे मिचकावले.

"न्यूट्रल हाय गो बाय. गाडी घरी लागलीय."